अ‍ॅम्बेसेडरचे इंजिन: सर्व पॅकिंग बदलूनही मागून ऑइल गळत राहते तेव्हा

बरीच वर्षे शेडमध्ये उभी असलेली अ‍ॅम्बेसेडर पुन्हा रस्त्यावर आणताना एक तक्रार हमखास येते. इंजिन उघडले जाते, बाजारातून पूर्ण पॅकिंग सेट आणला जातो, वरच्या टॅपेट कव्हरपासून तळाच्या चेंबरपर्यंत (ऑइल साठणाऱ्या भांड्यापर्यंत) प्रत्येक सांधा नवा केला जातो, आणि गाडी शे-दोनशे किलोमीटर धावली की क्लच हाउसिंगच्या तळाच्या भोकातून पुन्हा ऑइलचे थेंब पडू लागतात. मग पॅकिंगचा दर्जा वाईट ठरतो, मिस्त्रीचा हात वाईट ठरतो, इंजिन पुन्हा उतरवले जाते, या वेळी सिलिकॉनचा जाड थर दिला जातो आणि काही आठवड्यांत तेच चित्र पुन्हा दिसते. हा लेख या परत परत येणाऱ्या गळतीबद्दल आहे. माझे म्हणणे असे आहे की दीर्घ काळ उभ्या राहिलेल्या या इंजिनात पॅकिंग हा शेवटचा टप्पा आहे. त्याआधी क्रँककेसमधला, म्हणजे क्रँकशाफ्ट फिरतो त्या पोकळीतला, दाब मोकळा झाला नसेल, तर जगातले कोणतेही पॅकिंग मागची गळती थांबवू शकणार नाही.

येथे ज्या इंजिनाचा विचार केला आहे ते १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी सीरिजचे भारतीय भावंड होय. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवर आधारलेली अ‍ॅम्बेसेडर हिंदुस्थान मोटर्सने १९५७ मध्ये उत्तरपाड्याच्या कारखान्यात आणली, १९५९ मध्ये तिला जुन्या साइड व्हॉल्व्ह इंजिनाऐवजी हे ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिन मिळाले आणि पुढे अनेक दशके तेच चालले. पुढच्या काळातल्या १.८ लिटरच्या इसुझू इंजिनाची रचना वेगळी असल्याने त्या गाड्यांना येथील मागच्या टोकाविषयीचे विवेचन लागू होत नाही.

मागच्या टोकाला सील नाही

ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे सर्वाधिक पैसा आणि श्रम वाया जातात. या इंजिनाचा क्रँकशाफ्ट तीन मेन बेअरिंगवर फिरतो आणि त्याच्या मागच्या टोकाला, जेथे फ्लायव्हील बसते तेथे, रबरी ऑइल सील मुळातच दिलेले नाही. क्रँकवरच ऑइल बाहेर फेकणारी एक कड आहे आणि तिच्यामागे स्क्रूच्या आट्यांसारखी खाच कापलेली आहे. ही खाच एका गोल भोकात, त्याच्या भिंतीला न टेकता, अगदी थोड्या अंतराने फिरते. त्या भोकाचा वरचा अर्धा भाग ब्लॉकच्या बाजूला आणि खालचा अर्धा मागच्या मेन बेअरिंगच्या टोपीत असतो. इंजिन फिरू लागले की या आट्या मागे सरकू पाहणारे ऑइल पुन्हा आत ढकलतात आणि ते टोपीतल्या वाटेने चेंबरमध्ये परत जाते.

या रचनेचे दोन परिणाम लक्षात घ्यावे लागतात. पहिला असा की शाफ्ट थांबला की आट्यांचे कामही थांबते. म्हणून इंजिन बंद केल्यानंतर पडणारे दोन-चार थेंब, विशेषतः गाडी मागच्या बाजूला उतार असलेल्या जागी उभी केली असेल तेव्हा, हा बिघाड मानू नये. दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा आहे. शाफ्ट आणि भोक यांच्यामध्ये सतत मोकळी फट असल्यामुळे क्रँककेसमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा जास्त दाब तयार झाला की ती हवा याच फटीतून बाहेर पडते आणि जाताना ऑइल सोबत घेऊन जाते. आट्या ऑइलला आत ढकलू शकतात, पण दाबाखाली निघालेल्या हवेच्या झोताला अडवू शकत नाहीत.

दुकानात ‘रिअर ऑइल सील’ मागितले की कधी कधी काहीतरी हातावर ठेवले जाते. १९६४ च्या अखेरीस एमजीबी या ब्रिटिश गाडीला पाच बेअरिंगचे बी सीरिज इंजिन मिळाले आणि त्यात मागे रबरी सील होते. त्या इंजिनाचे सील या तीन बेअरिंगच्या इंजिनाला बसत नाही. पॅकिंग सेटमध्ये येणारे एकमेव क्रँक सील हे पुढच्या टायमिंग कव्हरचे असते.

उभ्या गाडीत नेमके काय बिघडते

कॉर्कचे पॅकिंग वाळते, आकसते आणि त्याचा ताण जातो, हे सर्वांना माहीत असते. पुढच्या सीलची रबरी कड एकाच जागी दाबून राहिल्याने कडक होते आणि तिच्याखाली पुलीच्या गुळगुळीत पृष्ठभागावर गंजाची बारीक रेघ उमटते. व्हॉल्व्हच्या दांड्यांवरच्या लहान रबरी रिंगा काचेसारख्या ठिसूळ होतात, त्यामुळे सकाळी सुरू करताना निळा धूर निघतो. हे सर्व डोळ्यांना दिसणारे बिघाड आहेत आणि पॅकिंग सेटने दुरुस्त होतात.

न दिसणारा बिघाड पिस्टनच्या रिंगांत असतो. जुन्या ऑइलमध्ये ज्वलनातून आलेले आम्ल आणि पाणी असते. गाडी तशीच उभी राहिली तर ऑइल रिंगांच्या खाचांत डिंकासारखे घट्ट बसते आणि रिंगा खाचेत चिकटतात. इंजिन सुरू होते, चालतेही, पण चिकटलेल्या रिंगांच्या बाजूने जळालेला वायू खाली क्रँककेसमध्ये शिरतो. वायूची ही खालची गळती थोड्या प्रमाणात प्रत्येक इंजिनात असते आणि ती बाहेर काढण्यासाठी ब्रीदर दिलेला असतो. या इंजिनात वरच्या टॅपेट कव्हरमधून एक नळी एअर क्लीनरकडे जाते आणि इंजिनाच्या डाव्या बाजूला, मॅनिफोल्डच्या खाली असलेल्या दोन साइड कव्हरांपैकी पुढच्या कव्हरमधून एक पाइप खाली रस्त्याच्या दिशेने उतरतो. ऑइलचे कण बाहेर जाऊ नयेत म्हणून पाइपच्या वाटेवर तारेची जाळी भरलेली असते. गाळाने ती जाळी गच्च झाली, तर वायूला बाहेर पडायला मागच्या आट्यांची फट हीच सोपी वाट उरते.

कोकणातल्या एका शेडमधून काढलेल्या गाडीचे पुढचे साइड कव्हर मी उघडले, तेव्हा जाळी काळ्या मेणाच्या गोळ्यासारखी झाली होती आणि खाली उतरणाऱ्या पाइपच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले होते. ती माती इतकी घट्ट बसली होती की साधी तार आत जाईना, ड्रिल बिट हाताने फिरवून ती खरवडावी लागली. त्या गाडीचे पॅकिंग आधी एका गॅरेजमध्ये पूर्ण बदलले गेले होते आणि मालक दुसऱ्यांदा इंजिन उतरवण्याच्या तयारीत होते. पाइप मोकळा करून जाळी रॉकेलमध्ये भिजवून धुतल्यावर मागची गळती जवळजवळ थांबली. राहिलेली थोडी गळती वेगळ्या ठिकाणची निघाली, तिचा उल्लेख पुढे येईल.

पॅकिंगला हात लावण्याआधी

प्रथम इंजिन हाताने फिरवावे. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे पातळ ऑइल, किंवा गंज सोडवणारे चांगले पातळ ऑइल, दोन-तीन मोठे चमचे सोडावे आणि गाडी तशीच काही दिवस राहू द्यावी. रोज स्टार्टिंग हँडलने थोडे पुढे फिरवावे. जोर लागत असेल तर थांबावे, हँडलवर उभे राहू नये. अडकलेल्या रिंगा तुटल्या की सिलिंडरच्या भिंतीवर रेघा पडतात आणि मग रिबोरिंगशिवाय इलाज राहत नाही. पहिल्यांदा सुरू करण्याआधी हे सोडलेले ऑइल प्लगच्या भोकांतून बाहेर फेकले जाईल अशा रीतीने इंजिन फिरवावे आणि चेंबरमधले ऑइल बदलावे, कारण त्यातला बराच भाग खाली उतरलेला असतो.

त्यानंतर कॉम्प्रेशन मोजावे. येथे एकेका आकड्यापेक्षा चार सिलिंडरांतला फरक अधिक बोलका असतो. एखादा सिलिंडर इतरांपेक्षा १०–१५ टक्क्यांहून खाली असेल, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा एकदम वर चढला तर दोष रिंगांत आहे, न चढला तर व्हॉल्व्हमध्ये किंवा हेड पॅकिंगमध्ये आहे. रिंगांचा दोष निघाला तरी लगेच इंजिन उघडण्याची घाई करू नये. चिकटलेल्या रिंगा कित्येकदा चांगले ऑइल घालून तापलेल्या इंजिनावर काही शे किलोमीटर शांतपणे चालवल्यावर सुटतात आणि पुढच्या मोजणीत तो सिलिंडर इतरांच्या बरोबरीला येतो.

क्रँककेसमधला दाब मोजण्यासाठी महागड्या उपकरणाची गरज नाही. गवंडी पातळी काढण्यासाठी वापरतात ती पारदर्शक नळी घ्यावी, तिच्यात थोडे रंगीत पाणी भरून तिला इंग्रजी यू अक्षराचा आकार द्यावा आणि एक टोक रबरी बुचातून डिपस्टिकच्या भोकात घट्ट बसवावे. पाण्याच्या पातळीपासून डिपस्टिकपर्यंत नळीची उंची भरपूर ठेवावी, म्हणजे पाणी इंजिनात ओढले जाण्याचा धोका राहत नाही. इंजिन तापलेले असताना आणि ब्रीदर जोडलेला असताना दोन्ही बाजूंचे पाणी जवळजवळ समपातळीत राहिले पाहिजे. अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरल्यावर बाहेरच्या बाजूचे पाणी चढत जात असेल, तर दाब अडकलेला आहे. मग वरच्या टॅपेट कव्हरचे ऑइल भरण्याचे झाकण उघडावे: पाणी लगेच खाली आले तर ब्रीदरची वाट बंद आहे, आणि झाकण उघडूनही भोकातून वायूचे लोट बाहेर येत राहिले तर रिंगांमधून बराच वायू खाली उतरतो आहे. ही चाचणी इंजिन न उघडता, अर्ध्या तासात होते. तिच्याआधी पॅकिंगचा सेट विकत आणू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

ब्रीदर साफ करताना फक्त बाहेरचा पाइप फुंकून समाधान मानू नये. साइड कव्हर काढूनच जाळी धुता येते आणि त्यासाठी मॅनिफोल्ड उतरवावे लागते. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळले तर बाकीचे सर्व व्यर्थ आहे. टॅपेट कव्हरकडून एअर क्लीनरकडे जाणारी रबरी नळी आतून चिकटून बंद झालेली असते, ती नवीच टाकावी.

ऑइलची पातळीही याच वेळी पाहावी. मेकॅनिकल पेट्रोल पंप असलेल्या गाडीत वर्षानुवर्षे वाळलेला पंपाचा पडदा फाटलेला असेल, तर पेट्रोल थेट क्रँककेसमध्ये उतरते. डिपस्टिकवर पातळी खुणेच्या वर दिसते, ऑइल पातळ होते आणि त्याला पेट्रोलचा वास येतो. असे पातळ ऑइल मागच्या आट्यांना आवरता येत नाही आणि बेअरिंगचेही नुकसान करते. जुने पडदे इथेनॉलमिश्रित पेट्रोलपुढे फार काळ टिकत नाहीत, म्हणून ते मिश्रण सोसणाऱ्या रबराचा पडदा मागून घ्यावा.

ऑइल नेमके कोठून येते

क्लच हाउसिंगखाली थेंब पडला म्हणजे तो मागच्या मेन बेअरिंगमधूनच आला असे गृहीत धरले जाते, आणि ते बहुधा चुकीचे असते. गाडी चालताना वारा सर्व ऑइल मागे ढकलतो. इंजिन आणि हाउसिंग डिझेलने व ब्रशने स्वच्छ धुवावे, कोरडे करावे, सर्वत्र टाल्कम पावडरचा पातळ हात मारावा आणि इंजिन तापेपर्यंत उभ्या जागी चालवावे. नंतर बॅटरी टॉर्च घेऊन खालून पाहावे. पावडर सर्वांत उंचावर जेथे ओली झाली असेल तेथे गळतीचे मूळ आहे. खाली कितीही ओले दिसले तरी ते मूळ नव्हे.

मागच्या बाजूला तीन जागा हटकून फसवतात. पहिली जागा मागच्या साइड कव्हरची. तेथे कॉर्क पॅकिंग आहे आणि कव्हर मधोमध एकाच बोल्टने धरलेले असते. गळती थांबावी म्हणून कोणीतरी तो बोल्ट आवळत गेला की पत्र्याचे कव्हर मध्ये दबते, कडा उचलल्या जातात आणि गळती वाढते. बोल्टला अगदी कमी ताण पुरतो, साध्या पत्र्याच्या कव्हरांसाठी तो सुमारे २ फूट-पौंड, म्हणजे २.७ न्यूटन-मीटर इतकाच सांगितलेला आहे. दुसरी जागा ब्लॉकच्या डाव्या मागच्या बाजूला असलेल्या ऑइल प्रेशर रिलीफ व्हॉल्व्हच्या घुमटाकार नटाची. त्याखालचे वॉशर जुने झाले की ऑइल पूर्ण दाबाने बाहेर झिरपते आणि सरळ हाउसिंगवर उतरते. वर सांगितलेल्या कोकणातल्या गाडीत उरलेली गळती नेमकी येथे होती. दोन वॉशर बदलून ती थांबली. तो नट उघडलाच आहे, तर आतला व्हॉल्व्ह गाळाने अडकलेला नाही ना हेही पाहावे, कारण तो अडकला की दाब अकारण चढतो. तिसरी जागा वरच्या टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्याची. तेथून आलेला ओघळ फायरवॉलच्या बाजूने दिसत नाही, म्हणून तो हाताने चाचपून पाहावा लागतो.

थेंब गिअरबॉक्सचा आहे का, हे ओळखण्यासाठी वासावर विसंबण्याची पद्धत आहे. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास येतो हे खरे, पण अनेक गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये इंजिन ऑइलच भरलेले असते, तेव्हा वासाने काहीच कळत नाही. अशा वेळी दोन्ही ठिकाणच्या पातळ्यांवर खूण करून कोणती उतरते ते पाहणे हा खात्रीचा मार्ग आहे.

पॅकिंग बसवताना

दाब मोकळा झाला, उगम सापडला, आणि तरीही इंजिन उघडायचे ठरले, तर कामाचा दर्जा पत्र्याच्या सपाटीवर ठरतो. चेंबरची कड पूर्वीच्या आवळण्याने प्रत्येक बोल्टाच्या भोकाशी वर फुगलेली असते. ती सपाट लोखंडी ठोकळ्यावर उलटी ठेवून हलक्या हातोडीने भोकाभोवती ठोकून सरळ करावी आणि काचेवर ठेवून डुलते का ते पाहावे. टॅपेट कव्हर आणि साइड कव्हर यांनाही हेच लागू आहे. जुने पॅकिंग खरवडताना ब्लॉकच्या तोंडावर पात्याची रेघ उठणार नाही याची काळजी घ्यावी.

सेटमधले कॉर्क पॅकिंग दुकानात वर्षानुवर्षे पडून लहान झालेले असेल, तर ते भोकांना जुळत नाही. ते ताणून बसवू नये. काही वेळ पाण्यात भिजवले की ते पुन्हा आकाराला येते, मग पुसून वापरावे. ते कव्हरच्या बाजूला शेलॅकने चिकटवावे आणि ब्लॉकच्या बाजूला ग्रीसचा पातळ हात द्यावा, म्हणजे पुढे कव्हर काढताना पॅकिंग फाटत नाही. सिलिकॉनचा मोह येथे टाळावा. आतल्या बाजूला दाबून बाहेर आलेली सिलिकॉनची दोरी तुटली की ती ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसते आणि बेअरिंगला ऑइल कमी पडते. कोपऱ्यांवर, जेथे चेंबरच्या पुढच्या आणि मागच्या कॉर्क पट्ट्या मुख्य पॅकिंगला भेटतात, तेथे मात्र सिलिकॉनचा एक लहान ठिपका उपयोगी पडतो. त्या पट्ट्यांची टोके किंचित वर राहिली पाहिजेत. ती कापून सपाट केली की पट्टी दबत नाही आणि मागच्या कोपऱ्यातून ऑइल सुटते.

चेंबरच्या बोल्टांना सुमारे ६ फूट-पौंड, म्हणजे ८ न्यूटन-मीटर, आणि टॅपेट कव्हरच्या नटांना सुमारे ४ फूट-पौंड, म्हणजे साडेपाच न्यूटन-मीटर इतका ताण पुरतो. लांब दांड्याच्या पान्याने हे जमत नाही. टॉर्क पाना नसेल तर लहान पाना दोन बोटांत धरून, कॉर्क थोडेसे बाहेर फुगेपर्यंतच आवळावे.

टायमिंग कव्हरचे सील बदलताना दोन बारकावे बहुतेकांच्या हातून निसटतात. जुन्या इंजिनांत नमद्याचे सील आणि पुढच्या इंजिनांत रबरी सील आहे, आणि त्यांच्या मागे क्रँकवर बसणारी ऑइल फेकणारी चकतीही वेगळी आहे. जुन्या चकतीची खोलगट बाजू इंजिनापासून दूर, म्हणजे पुढे यावी लागते. नंतरच्या चकतीवर एफ हे अक्षर असते आणि ते पुढच्या बाजूला ठेवायचे असते. उलटी बसवलेली चकती नव्या सीलवर ऑइलचा मारा करते. दुसरा बारकावा असा की कव्हरच्या भोकांत थोडी ढील असल्यामुळे सील शाफ्टच्या मध्यावर आपोआप येत नाही. कव्हरचे बोल्ट सैल ठेवून आधी पुली आत सरकवावी, तिने सीलला मध्यावर आणू द्यावे आणि मगच बोल्ट आवळावेत. पुलीवर जुन्या सीलची खाच नखाला लागत असेल, तर पातळ स्टीलची बाही चढवावी किंवा सील दोन मिलिमीटर आत-बाहेर सरकवून ताज्या पृष्ठभागावर बसेल असे पाहावे.

मागचे टोक उघडावेच लागले तर

दाबाची चाचणी चांगली आली, बाहेरच्या सर्व जागा कोरड्या निघाल्या आणि तरीही हाउसिंगमधून ऑइल येत असेल, तर मात्र इंजिन उतरवणे योग्य ठरते. फ्लायव्हील काढल्यावर मागच्या प्लेटखालचे पॅकिंग आणि ऑइल गॅलरीचे (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांचे) प्लग आधी पाहावेत. दोष तेथे निघाला तर क्रँक हलवायची वेळ येत नाही. नंतर मागच्या मेन बेअरिंगची टोपी उतरवून तिच्यातली ऑइल परत जाण्याची वाट तारेने व हवेने मोकळी करावी. उभ्या गाडीत ही वाट गाळाने बंद झालेली सापडणे फार सामान्य आहे, आणि ती बंद असताना आट्यांनी आत ढकललेल्या ऑइलला जायला जागाच राहत नाही. टोपी परत बसवताना तिच्या मागच्या आडव्या सांध्यावर न सुकणाऱ्या सीलिंग कंपाउंडचा अतिशय पातळ हात द्यावा. बेअरिंगच्या जवळपास त्याचा थेंबही जाता कामा नये.

आट्यांच्या फटीची तपासणी फीलर गेजने चारही बाजूंनी करावी. बेअरिंग झिजल्याने क्रँक खाली बसला असेल, तर वरची फट मोठी आणि खालची जवळजवळ शून्य दिसते. अशा इंजिनाला नवी बेअरिंग लागतात, सील नव्हे. पूर्वी कोणी ब्लॉकचे लाइन बोरिंग करून घेतले असेल, तर मध्य सरकल्याने आट्या भोकाला घासून बोथट झालेल्या असतात. या कामासाठी जुन्या इंजिनांवर हात बसलेल्या खराद्याकडेच जावे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि पुण्यातल्या जुन्या वर्कशॉपांत असे हात अजून आहेत. एमजीए या ब्रिटिश गाडीच्या सुरुवातीच्या आवृत्तीतही हेच १४८९ सीसीचे इंजिन असल्यामुळे तिच्या मालकांसाठी परदेशात आट्यांच्या जागी रबरी सील बसवण्याचे संच मिळतात. ते उत्तम चालू शकतात, पण क्रँकच्या टोकाचे काटेकोर मशीनिंग करावे लागते आणि क्रँककेसमधला दाब तसाच राहिला तर ते सीलही ओले होते. निरोगी इंजिनात मूळ आट्या पुरेशा आहेत असे माझे मत आहे.

सुट्या भागांसाठी पुण्याच्या नाना पेठेत किंवा कोलकात्याच्या मल्लिक बाजारात विचारणा करता येते. सेट घेताना तो १४८९ सीसीच्या पेट्रोल इंजिनाचाच आहे आणि त्यातील पुढचे सील आपल्या कव्हरच्या प्रकाराला जुळते, हे जुना भाग हातात घेऊन ताडून पाहावे.

पुन्हा सुरू करताना

ऑइल पंप उघडला असेल तर त्यात पेट्रोलियम जेली भरून बसवावा, नाहीतर तो कोरडा फिरत राहतो आणि ऑइल ओढत नाही. प्लग काढून स्टार्टरने फिरवत गेजवर दाब दिसेपर्यंत इंजिन सुरू करू नये. ऑइल २०डब्ल्यू-५० किंवा सहज मिळणारे २०डब्ल्यू-४० घ्यावे. नव्या गाड्यांची पातळ ऑइल या मोकळ्या फटींच्या इंजिनाला मानवत नाहीत. पहिले ऑइल शंभर-दोनशे किलोमीटरवर फिल्टरसह काढून टाकावे, कारण नव्या ऑइलमधली द्रव्ये वर्षांचा गाळ सोडवतात आणि तोच गाळ पुन्हा ब्रीदरच्या जाळीत व टोपीच्या वाटेत जाऊन बसतो. तापलेल्या इंजिनाचा ऑइलचा दाब रस्त्यावर चौरस इंचाला ५० पौंडांच्या आसपास असावा. तो बराच वर राहत असेल तर रिलीफ व्हॉल्व्ह पुन्हा पाहावा.

ऑइल काढतानाच नळीची चाचणी पुन्हा करावी आणि पहिल्या आकड्याशी ताडून पाहावी. रिंगा सुटत असतील तर पाणी आधीपेक्षा कमी चढलेले दिसेल. कॉर्क दबून बसलेले असल्याने चेंबरचे आणि टॅपेट कव्हरचे बोल्ट याच वेळी एकदा, इंजिन थंड असताना, त्याच ताणावर आणावेत. त्यानंतर ते पुन्हा पुन्हा आवळू नयेत. क्लच प्लेटवर ऑइल आधी पोचलेले असेल आणि चढावर क्लच घसरत असेल, तर धुऊन भागत नाही, अस्तर आतपर्यंत भिजलेले असते. प्लेट बदलावी, पण मागची गळती थांबल्याची खात्री झाल्यावरच, म्हणजे नवी प्लेट पुन्हा ऑइलात भिजणार नाही.